श्रिंकेजची पट्टी

गडमुडशिंगीत कृष्णात चौगल्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. जन्म काही सुताराच्या घरातला नाही. वडिलांचा ऊस होता, दोन म्हशी होत्या. पण दहावीनंतर कृष्णात जवळच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये चिकटला आणि लाकडाच्या वासात असा रमला की पुन्हा उसाकडे वळला नाही. आता पन्नाशी ओलांडली आहे. बोलणं कमी, आवाज खालच्या पट्टीतला, आणि कोल्हापूरच्या मानाने हे दोन्ही दुर्मीळच.

पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. लोखंडाची पुली ओतायची असेल तर आधी ती सागवानात तयार करतात. वाळूत ती दाबून काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. ऐकायला सोपं आहे. कृष्णातलाही सोपंच वाटलं होतं. पहिली पुली त्याने एकट्याने केली तेव्हा ड्रॉइंगमध्ये तीनशे मिलिमीटर होते, त्याने तीनशेच ठेवले, केसभर इकडेतिकडे नाही. त्याचे उस्ताद तात्या यांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि तशीच ओतायला पाठवली. चार दिवसांनी कास्टिंग त्याच्या बाकावर आणून ठेवलं.

"मोज."

दोनशे सत्त्याण्णव भरले.

"मी तर बरोबर तीनशे केलतं तात्या."

"तू बरोबर केलंस, म्हणूनच हे चुकलं," तात्या म्हणाले. "लोखंड गार होताना आटतंय. लाकूड खरं केलंस की लोखंड खोटं निघणार. तुला काय पायजे, लाकूड खरं का लोखंड?"

मग तात्यांनी त्याला ती पट्टी दाखवली. स्टीलची, मीटरभर लांबीची, दिसायला कुठल्याही पट्टीसारखी. पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा एक टक्क्याने मोठा. ही श्रिंकेजची, म्हणजे आटण्याची, पट्टी. हिच्यावर तीनशे मोजलं की लाकूड प्रत्यक्षात तीनशे तीन भरतं, आणि आटल्यावर लोखंड तीनशेवर येतं. हिशोब करायला नको, आकडेमोड नको. लोखंडाचा सगळा स्वभाव त्या पट्टीवर आधीच कोरून ठेवलेला.

"मग लोखंड बरोबर एकच टक्का आटतंय?" कृष्णातने विचारलं.

"लोखंडानं कुठं वाचलीया पट्टी?" तात्या हसले. "जाड जागी वेगळं, पातळ जागी वेगळं. आत पोकळीसाठी घातलेला वाळूचा कोअर अडला तर आणखी वेगळं. एक टक्का आपला आपण धरलाय. त्यानं काम हुतंय. काम हुतंय तवर धरायचा, आणि धरलाय हे इसरायचं न्हाय."

हे शेवटचं वाक्य कृष्णातने पुढे कितीतरी नव्या पोरांना ऐकवलं. पॅटर्न शॉपमध्ये बाकावर साधी पट्टी दिसली की तो ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकायचा. चुकून हातात आली तर आठवड्याचं काम वाया. त्यामुळे तीस वर्षांत त्याच्या हातात दुसरी पट्टी अशी आलीच नाही. निवृत्त होताना तात्यांनी आपली पट्टी त्याला दिली. टोकाला कोरलेली एक टक्क्याची खूण तात्यांच्या अंगठ्याने घासून अर्धी गेलेली होती. उरलेली कृष्णातच्या अंगठ्याने गेली.

ती पट्टी तो फौंड्रीत नेत नसे. तिथं फौंड्रीची होती. तात्यांची पट्टी घरी, देव्हाऱ्याच्या बाजूला खुंटीवर. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून मांडली जायची: रंधा, पटाशी, विळा, कोयता आणि ती पट्टी. पूजा झाली की कृष्णात लेकीला, तेजस्वीला, पुढच्या दाराच्या चौकटीला उभी करायचा. डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवून पेन्सिलीने रेघ ओढायची, मग पट्टी लावून आकडा लिहायचा. पहिली रेघ ती धड उभी राहायला लागली त्या वर्षीची. शंभरची रेघ आली तेव्हा ती बालवाडीत होती, आणि त्या दिवशी तिला शंभर रुपये मिळाले म्हणून ती रेघ तिच्या पक्की लक्षात होती.

तेजस्वी अकरावीला सायन्सला गेली. एकदा पुस्तक आपटत स्वयंपाकघरात आली. तिची आई मीनाक्षी भाकरी थापत होती आणि कृष्णात ताटावर बसला होता.

"पप्पा, ह्या पुस्तकवाल्यांस्नी कळतंय का न्हाय? आधी सांगत्यात अणू म्हंजे नुसता गोळा. मग म्हणत्यात न्हाय, कलिंगडासारखा, आत बिया. मग म्हणत्यात तेबी चुकलं, सूर्यमालेसारखा. आणि आता सर म्हणत्यात तसाबी नसतोय. मग खोटं हाय ते शिकिवतात कशाला? डायरेक खरं सांगा की एकदाच!"

"आवाज हळू. म्हस बुजंल," मीनाक्षी म्हणाली.

कृष्णातने घास गिळला. "आपला पंपाचा पॅटर्न खरा का खोटा?"

"खोटा. लाकडाचा हाय. पाणी थोडंच ओढतोय."

"मापानं?"

"मापानंबी खोटा. तुम्हीच सांगतासा की मोठा असतोय म्हणून."

"आणि त्यातनं निघणारा पंप?"

तिने पुस्तक कट्ट्यावर ठेवलं.

"खरा-खोटा हे नंतर इचारायचं," कृष्णात म्हणाला. "आधी इचारायचं कशासाठी केलाय. तुझं ते कलिंगड कुणीतरी कशासाठीतरी केलं असणार. त्यातनं कायतरी निघालं असंल, कायतरी निघालं न्हसंल. निघालं न्हाय म्हणून दुसरं केलं. वाकडं काय त्यात?"

"म्हंजे खरं कुठं नसतंयच व्हय?"

"तसं मी कुठं म्हटलं? लोखंड आटतंय हे खरंच हाय की. ते पट्टीवर मावत न्हाय एवढंच."

ती भाकरीचा तुकडा मोडून, पुस्तक घेऊन गेली. परीक्षेत तिने यातलं काही लिहिलं नाही. पण बोलणं तिच्या मनात राहिलं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तेजस्वीला पोलीस व्हायचं वेड लागलं. वेड म्हणायचं कारण, तिने दुसरं काही बोलणंच सोडलं. गावातल्या पाच-सहा पोरी विमानतळाच्या भिंतीकडेच्या रस्त्याला पहाटे पळायला जात. तेजस्वी त्यांच्यात सामील झाली आणि दोन महिन्यांत सगळ्यांच्या पुढे गेली. कृष्णात एकदा सायकलवरून बघायला गेला होता. तिचं पाऊल जमिनीला टेकतंय की नाही कळत नव्हतं. घरी येऊन तो मीनाक्षीला एवढंच म्हणाला, "पोरगी पळती."

भरतीत मुलींना उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागते. त्या वर्षीच्या खंडेनवमीला कृष्णातने रेघ ओढली, पट्टी लावली. एकशे चोपन्न पॉइंट दोन.

पुन्हा लावली. तेवढंच.

"कॉलेजात तपासणीला एकशे छप्पन्न लिहिलंय माझं," तेजस्वी म्हणाली.

"त्या बाई डोस्क्यावर वही ठेवून मोजत्यात. वही तिरकी हुती."

"पण पप्पा..."

"तेजा, मी मिलिमीटरच्या आत काम करतो. तिथं मैदानावर पॉइंट आठनं काढलं तर? वर्षभर पळशील आणि पयल्या उंचीच्या खांबापासनं माघारी येशील. खोट्या आशेवर पोरगी पळवायची न्हाय मला."

तिने कुणाकडे मोजून घेतलं नाही. गडमुडशिंगीत कृष्णात मिस्त्रींच्या मापावर दुसरं माप घ्यायचं ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. दाराचं, खिडकीचं, चुलीच्या कट्ट्याचं भांडण लागलं तर लोक त्यांना बोलवत. मैत्रिणींनी महिनाभर लोंबकळायला सांगितलं, तिने दाराच्या वरच्या पट्टीला लोंबकळून बघितलं, आणि एक दिवस पळायचे बूट धुऊन, वाळवून, पिशवीत घालून माळ्यावर टाकले. भांडली नाही. ते कृष्णातला जास्त लागलं.

डिग्री झाली. राजारामपुरीत एका दातांच्या डॉक्टरांकडे ती रिसेप्शनला लागली. केएमटीच्या बसने जायची, बसनेच यायची. पळायला जाणाऱ्या पोरींपैकी दोघी पोलीस झाल्या. त्यांच्या सत्काराला ती गेली, फोटो काढले, परत येऊन भांडी घासली.

अशी चार वर्षं गेली. मग यंदा पुढच्या चौकटीला खालून वाळवी लागली आणि कृष्णातने गावातल्या बाळासो गवंड्याला बोलावलं. चौकट काढून सिमेंटची बसवायची होती. बाळासोला कुठलंही काम गप्प बसून जमत नाही.

"मिस्त्री, ह्या रेघा कशाच्या? उधारी लिहिलीया काय?"

"तेजाची उंची हाय ती. तेवढा तुकडा मला अख्खा कापून दे. ठेवायचाय."

बाळासोने टेप काढला, जमिनीवर टेकवून वर ओढला. "वरची रेघ एकशे पंचावन्न आणि सात. म्हंजे एकशे साठवर कापू?"

"एकशे चोपन्न आणि दोन."

"एकशे पंचावन्न आणि सात."

"लिवलंय की बाजूला, वाच."

"लिवलेलं तुम्ही वाचा. मी टेप वाचतोय."

कृष्णात उठला. टेपवर बोट ठेवून बघितलं. "टेप बदल. बाजारातनं ढिगातला आणलायस."

"आता माझा टेप खोटा व्हय! अर्धं गाव बांधलंय ह्या टेपनं!"

"म्हणूनच अर्धं गाव तिरकं हाय."

बाळासो खो-खो हसला आणि चहा सांगायला आत गेला. कृष्णात मात्र तिथंच उभा राहिला. दीड सेंटिमीटर. टेप एवढा खोटा नसतो, हे त्यालाही ठाऊक होतं. फरशी बदलली होती का? बदलली असती तर जमीन वर आली असती आणि माप कमी भरलं असतं, जास्त नाही. लाकूड फुगलं? लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत नाही. त्याने सगळ्यावर एकेक करून संशय घेतला. टेपवर, फरशीवर, सागवानावर, त्या खंडेनवमीच्या आपल्या डोळ्यांवर. खुंटीवरच्या पट्टीवर तेवढा घेतला नाही.

मग सहज त्याने टेप खालच्या रेघेला लावला. ज्या रेघेला तेजस्वीला शंभर रुपये मिळाले होते तिला.

टेपवर एकशे एक होते. बरोबर एकशे एक.

कृष्णात उंबऱ्यावर बसला. दुसऱ्या कुणाला त्या आकड्याचा अर्थ लागायला वेळ लागला असता. त्याला पापणी लवायच्या आत लागला. शंभरावर एक. रेघ जिथं ओढली होती तिथं तेजस्वीचं डोकं खरोखरच होतं. रेघा खऱ्या होत्या. पोर दर वर्षी किती वाढली तेही त्यांच्यावरून बरोबरच कळत होतं. फक्त बाजूचे आकडे सेंटिमीटर नव्हते. लोखंड आटतं म्हणून तयार केलेल्या मापाने त्याने पोरगी मोजली होती, आणि पोरगी काही आटणार नव्हती.

पट्टी कसली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. इतकं ठाऊक होतं की ते आठवायची पाळीच कधी आली नाही.

संध्याकाळी त्याने मीनाक्षीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले आणि आधी दार लोटून घेतलं.

"तिला सांगितलंय?"

"न्हाय अजून."

"सांगू नगासा. गारगोटीची मंडळी येणार हायत रविवारी. शाळेत नोकरी हाय पोराची, माणसं चांगली हायत. पोरगी कशीबशी व्हय म्हटलीया. आता उकरून काय मिळणार? सांगून तिची चार वर्षं माघारी येणार हायत?"

"चार न्हाय येणार. पण वय बसतंय अजून दोन वर्षं. भरती निघालीया."

"आणि एवढी वर्षं बसून ऱ्हायल्यावर पळता आलं न्हाय तर? मग तेबी गेलं आणि हेबी गेलं. आणि तुमच्याबद्दल काय वाटंल तिला?"

मीनाक्षी चुकीचं बोलत नव्हती. दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या पोरीची एक जखम बरी व्हायला आली होती. कृष्णातला हेही कळत होतं की गप्प राहण्यातलं अर्धं सुख त्याचं स्वतःचं होतं. लेकीच्या नजरेतलं आपलं माप त्याला सांभाळायचं होतं. घरातल्यांचं जेवण झालं तरी त्याच्या ताटातला भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी कामावरून आली तेव्हा तो चौकटीपाशी स्टुलावर बसला होता. एका हातात तात्यांची पट्टी, एका हातात बाळासोचा टेप.

"तेजा, हिकडं ये. ह्या दोन्हींची शून्यं जुळवून धर."

तिने हसत धरली. "काय नवीन खूळ?"

"आता पट्टीचा शंभर कुठं येतोय बघ."

तिने बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. मग वळून चौकटीवरच्या सगळ्यात वरच्या रेघेकडे. सायन्सची पोरगी, दुसरं काही सांगावं लागलं नाही. टेप उचलून तिने स्वतः रेघेला लावला, आकडा वाचला, आणि टेप सटकन आत गेला.

"पयल्यापासनं ह्याच पट्टीनं?"

"व्हय."

"आणि कॉलेजातलं एकशे छप्पन्न खोटं म्हणालासा."

"म्हणालो."

"तुम्हीच मला सांगिटलं हुतं पप्पा. आधी इचारायचं माप कशासाठी केलंय. मला शिकिवलंसा. फौंड्रीतल्या पोरांस्नी शिकिवलंसा. आणि मी काय पुली हुतो व्हय?" गल्लीत ऐकू जाईल एवढा तिचा आवाज चढला. मीनाक्षी दारात येऊन उभी राहिली. "माझी चार वर्षं! दात काढायला आलेल्यांस्नी टोकन वाटलीत मी चार वर्षं!"

"माझं चुकलं," कृष्णात म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं, खोटं बोललो नव्हतो, मला खरंच वाटत होतं, असं काहीतरी. त्याने ते गिळलं. "गारगोटीचं काय करायचं ते तू ठरव. भरतीचं काय करायचं तेबी तू ठरव. मी मधी पट्टी लावणार न्हाय."

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. गारगोटीचे पाहुणे रविवारी आले, पोहे खाल्ले, आणि तेजस्वीने सगळ्यांसमोर मुलाला सांगितलं की तिला एकदा भरतीला उतरायचं आहे. थांबायचं असेल तर थांबा, नाही तर राग नाही. मुलगा म्हणाला, थांबतो. त्याच्या आईचं तोंड उतरलं, पण पोहे तिने पुन्हा मागून घेतले.

सोमवारी पहाटे कृष्णातला माळ्यावर खुडबुड ऐकू आली. बूट निघाले होते. एकाचा तळवा सुटला होता. तो पुढे झाला, बूट तिच्या हातातून घेतला, फेविकॉल लावला आणि शिकंज्यात आवळून ठेवला.

"उद्यापतोर बसंल," तो म्हणाला.

"आज अनवाणी पळतो मग," ती म्हणाली. दोन दिवसांतलं ते तिचं पहिलं वाक्य.

पहिले काही महिने तिला धाप लागायची. रडायची, शिव्या घालायची, एकदा रस्त्याकडेला बसूनच राहिली. कृष्णात सायकलवरून मागे असायचा. वेळ तीच मोजायची. हातात घड्याळ दिलं तरी तो घ्यायचा नाही.

मैदानी चाचणीच्या दिवशी दोघं उजाडायच्या आधी कोल्हापुरात पोहोचले. पोरींना आत घेतलं. फोन बाहेर, बाप-भाऊ बाहेर. भिंतीला लागून चहाची गाडी होती, तिथं चंदगडाकडचे हंबीरराव म्हणून एक गृहस्थ लेकीसाठी आलेले. अंगाने आडवे, आवाज त्याहून आडवा.

"पावणं, तुमची बी आत हाय? पयलं उंची बघत्यात बघा. बसत न्हाय ती तिथनंच भायेर. बसली ती पळायला आत."

"म्हंजे आतनं कळवत न्हायत?"

"कळवतंय कोण! गेटकडं बघत ऱ्हायचं. आली तर गेली. न्हाय आली तर हाय!"

कृष्णात गेटकडे बघत राहिला. थोड्या वेळाने पहिली पोरगी बाहेर आली, ओढणीने तोंड झाकून. तिचा भाऊ पुढे झाला. मग आणखी दोघी. प्रत्येक वेळी गेटची कडी वाजली की कृष्णात अर्धवट उठायचा. टेपवर एकशे पंचावन्न पॉइंट सात होतं. फौंड्रीतल्या साध्या पट्टीनेही त्याने ती रेघ मोजून बघितली होती, आणि सरकारी दवाखान्यातल्या उंचीच्या खांबावरही तेवढंच भरलं होतं. तीन मापं एक सांगत होती. तरी आतल्या खांबाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पावणं, च्या गार हुतोय," हंबीरराव म्हणाले.

"आतला खांब कुणी तपासलेला असतोय काय?"

हंबीररावांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "काय काम करतासा तुम्ही?"

"पॅटर्नचं. लाकडाचं."

"मग बसा गप. तुमच्या लाकडाला नसंल एवढी काळजी पोलिसांच्या खांबाला हाय."

पुन्हा कडी वाजली. हिरव्या टी-शर्टातली एक पोरगी. तेजस्वी नाही. मग बराच वेळ कडी वाजली नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. बाहेर आलेल्या पोरी आपापल्या माणसांबरोबर निघून गेल्या आणि गेटवरच्या हवालदाराने खुर्ची सावलीत ओढून घेतली.

"संपली उंची," हंबीरराव म्हणाले आणि अर्धा कप त्याच्या हातात कोंबला. "दोन्ही आतच ऱ्हायल्या की हो आपल्या!"

भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली आणि पाठोपाठ खूप पायांचा आवाज. कृष्णात उठून उभा राहिला. भिंत उंच होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्याने कप खाली ठेवला, भिंतीला तळहात टेकवला आणि इतक्या पायांतून आपल्या लेकीचे पाय कोणते ते ओळखायचा प्रयत्न करत राहिला.